हैबततात्यांनी विलायतेहून आणलेली अक्कल

चूक हैबततात्यांची. आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी सगळे मिळून सोपान ड्रायव्हरवर ढकलतील. म्हाताऱ्यांनी घाण करायची आणि तरुणांनी ती निस्तरायची, ही आमच्याकडची जुनी रीत.

तर घाटाच्या वर करंजवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात हे भोळे हैबततात्या ढमाले होते. वय बहात्तर. गावानं सोसायटी काढून एक बस घेतली होती. सकाळी सातला निघायची, बावीस किलोमीटरवर तालुक्याला जायची, संध्याकाळी परत यायची. त्या रस्त्याला तालुक्यापर्यंत जाणारी दुसरी गाडी नाही. वीस वर्षं ती नीट चालली, कारण तिला सुधारायला कुणी गेलं नव्हतं.

मग तात्या सोसायटीचे चेअरमन झाले. वयामुळे झाले, दुसरं कारण नाही. आणि चेअरमन झाले म्हणून अभ्यासदौऱ्यावर विलायतेला गेले. ‘ब्रिटनमधील सार्वजनिक वाहतूक’ हा विषय.

नऊ दिवसांत तात्यांनी काय पाहिलं? रेल्वेचं तिकीट काढलं, रेल्वे आली नाही, तिच्या बदली बस आली. एका खेड्यात काचेचा देखणा बसथांबा पाहिला. त्यावर छापील वेळापत्रक होतं. बस फक्त मंगळवारी, आणि तीही पुढच्या महिन्यापासून बंद. तात्यांनी काचेवर हात फिरवला. म्हणाले, “शिस्त बघा! गाडी नाही, पण ‘नाही’ हे लिहून दिलंय.”

दौऱ्याबरोबर हॉब्सन नावाचे एक पेन्शनर रेल्वेसाहेब होते. निरोप देताना शिष्टाचार म्हणून म्हणाले, काही अडलं तर फोन करा. तात्यांनी नंबर लिहून घेतला आणि गावी पोचताच पहिला फोन केला, गाडी वेळेवर कशी सोडायची ते विचारायला.

तात्यांच्या घरात इंग्रजी येणारी एकटी कावेरी, त्यांची नात; साहेबांशी फोनवर बोलायची तीच. बारावीला होती. परीक्षा पुढच्या सोमवारपासून. तिला नर्सिंगला जायचं होतं. बस चुकली तर सगळं चुकलं, हे तिला कळत होतं. तात्यांना फक्त साहेब कळत होता.

सोमवारी तात्या घड्याळ घेऊन बसपाशी उभे राहिले. सातला मिनिटभर कमी होतं. बायका खाली उभ्या राहून टोपल्या टपावर चढवत होत्या.

“सात! दार बंद! चल सोपान!”

“तात्या, माणसं खाली आहेत.”

“साहेब म्हणाले, वेळ झाली की दार बंद. मग कुणी का असेना.”

गाडी गेली. आत सोपान, टपावर अकरा टोपल्या. वांगी तालुक्याला वेळेवर पोचली.

संध्याकाळी साहेबांना फोन. कावेरीनं सांगितलं काय झालं ते. मग ऐकून म्हणाली, “साहेब म्हणतात, गाडी माणसांसाठी असते. कुणी येताना दिसलं तर थांबावं.”

“मग हे आधी सांगायचं ना त्यानं!”

मंगळवारी सातला सगळे आत बसले. निघणार, एवढ्यात तात्यांना समोरच्या टेकाडावर भिकोबा दिसले. शेळ्या घेऊन उतरत होते.

“थांब सोपान. माणूस येतोय.”

“तात्या, ते बसला येतायत कशावरून?” कावेरी म्हणाली.

“तोंड इकडेच आहे.”

गाडी थांबली. भिकोबा सावकाश उतरले. मध्ये बसून तंबाखू मळली. एक शेळी काटेरी झुडपात शिरली, तिला बाहेर काढली. दीड तासानं पोचले.

“गाडी का थांबलीय?”

“तुमच्यासाठी.”

“मला कुठं जायचंय? मी घरी आलोय.”

कावेरीची सराव परीक्षा होती. तिला अर्धाच पेपर लिहायला मिळाला. संध्याकाळी फोन तिनं लावला, तो रडत लावला. साहेब हळहळले. म्हणाले, आमच्याकडे फार उशीर झाला की मधले थांबे गाळतात, म्हणजे वेळ भरून निघतो.

“वा,” तात्या म्हणाले. “डोकं आहे.”

बुधवारी गाडी ठीक सातला निघाली. उशीर झालाच नव्हता. तात्या मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. तालुक्याचा सरकारी दवाखाना आला. तापलेलं पोर घेऊन एक बाई उठली.

“थांबू नकोस,” तात्या म्हणाले.

कॉलेज आलं. कावेरीनं दार बडवलं. “तात्या, उतरू द्या!”

“बस खाली. वेळ वाचतोय.”

बाजार गेला. मग स्टँड आलं. सोपान म्हणाला, “तात्या, हा शेवटचा थांबा.”

“तोही गाळ. आणखी वाचेल.”

नऊच्या आत गाडी करंजवाडीत परत. इतक्या लवकर ती कधीच आली नव्हती. सगळे प्रवासी जागेवर होते.

त्या बाईनं गाडीतून उतरताना तात्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तात्या खरंच ओशाळले. फोनवर साहेब म्हणाले, लोकांची गैरसोय झाली की आम्ही कारण सांगतो आणि माफी मागतो. कधी गाडी रद्द होते, कधी रुळांवर पानं पडून चाकं घसरतात. काही झालं तरी लोकांना कळवायचं.

गुरुवारी पहाटे पाचला मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजला. तात्यांचा आवाज. “मार्गावर पानं पडल्यामुळे सातची गाडी रद्द. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” हे सात वेळा. गाव पुन्हा झोपलं. गाडी धुऊन-पुसून उभी होती.

“तात्या,” कावेरी म्हणाली, “आपल्या गाडीला टायर आहेत.”

“पानं पडलीत का नाही?”

“पडलीत.”

“मग?”

शुक्रवारी तात्यांचं पोट बिघडलं. गाडी व्यवस्थित गेली आणि व्यवस्थित आली.

संध्याकाळी त्यांना बरं वाटलं. म्हणाले, “कावेरे, आता शेवटचं विचार. पुढं काय? भविष्य काय?”

साहेब बराच वेळ बोलले. कावेरीचं लक्ष पुस्तकात होतं, तिनं थोडक्यात सांगितलं. “तिथल्या सरकारनं आधी बस विकल्या, मग रेल्वे विकली. तीसेक वर्षं कंपन्यांनी चालवली. ती चूक होती, असं आता तिथं बरेच लोक म्हणतात. आता एकेक करून परत लोकांच्या ताब्यात घेतायत. साहेबांच्या मते पुढचा काळ तोच.”

“आपली गाडी कुणाच्या ताब्यात आहे?”

“गावाच्या.”

तात्यांचा चेहरा पडला. “म्हणजे आपण मागे राहिलो.”

“पुढे आहोत, तात्या! ते जिथं निघालेत तिथं आपण आधीच आहोत.”

“पण परत घ्यायची तर आधी गेलेली नको का?”

कावेरी हसली. तिला वाटलं, म्हातारा पहिल्यांदा विनोद करतोय. ती अभ्यासाला गेली.

शनिवारी सोसायटीची सभा भरली. सात संचालक, त्यांतला सर्वांत तरुण अडुसष्टचा. तात्या म्हणाले, “विलायतेचं भविष्य असं आहे.” सातांनी हात वर केले. एकानं विचारलं नाही की का. चहा आला, सभा संपली.

रविवारी दुपारी लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या चालवणारे बंडूशेठ आले आणि बस घेऊन गेले. कावेरी तेव्हा वरच्या खोलीत कडी लावून शेवटची उजळणी करत होती.

सोमवारी सातला ती हॉलतिकीट घेऊन थांब्यावर उभी राहिली. आठपर्यंत उभी होती. मग सोपानच्या घरी गेली. तो ओट्यावर बसला होता.

“सोपानदादा, गाडी?”

“तुझ्या आजाला विचार.”

तात्या अंगणात दात घासत होते.

“तात्या, गाडी कुठंय?”

“विकली.”

“काय?”

“विकल्याशिवाय परत कशी घेणार?”

“माझा पेपर आहे आज!” ती ओरडली. “कधी घेणार परत?”

तात्यांनी चूळ भरली. बोटांवर मोजलं. “साहेबाला तीस वर्षं लागली. आपण खेड्यातली माणसं. चाळीस धर.”

मोटारसायकली चालवणारी पोरं शहरात कामाला गेलेली, गावात उरलेले सगळे सभेला हात वर करणारे. कावेरी धावत सुटली. साडेनऊला तिला दुधाचा टेम्पो मिळाला. तो खिंडीपर्यंतच जाणार होता. पुढचे नऊ किलोमीटर ती चालली. पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. गेट अकरालाच बंद झालं होतं. पेपर इंग्रजीचा होता.

फेरपरीक्षा जुलैत झाली. ती पास झाली. तोवर नर्सिंगच्या जागा भरल्या होत्या.

कावेरी मामाकडे राहायला गेली आणि परत आली नाही. तात्यांना नात एकच होती.