राजाची डावी टाच

एका राज्यात राजाच्या पायाची सगळ्यांना धास्ती होती. राजा दुष्ट नव्हता. पण त्याचा उघडा पाय जिथे टेके तिथे दगड होई. हिरवळीवर टेकला, हिरवळ दगड. शेतात टेकला, उभं पीक दगड. तरुणपणी त्याने डोंगरावरच्या मांत्रिकाची माणकं लुटली होती, त्याचा हा शाप. पुढे राजा पस्तावला, हंडे भरभरून माणकं परत पाठवली, तरी शाप हलेना. मांत्रिकाचा निरोप आला, एक कणी अजून राहिली आहे. मग राजवाड्याची फरशी उखडली, तळी उपसली, कोठारं चाळली. कणी काही मिळाली नाही.

चामड्याचे जोडे राजाच्या पायात दगड होत. कापडी मोजेही दगड होत, कारण विणलेल्या कापडात उभ्याआडव्या वाटा असतात आणि शाप त्या वाटांनी पार जातो. टिके ती फक्त जेन. जेन विणत नाहीत. लोकर पिंजायची, रिठ्याच्या कढत पाण्याने भिजवायची, मग रगडून, लाटून, तुडवून अशी घट्ट बसवायची की तिच्यात शापालाही वाट सापडू नये. अशा जेनेच्या सपाता हौसा नावाची एक बाई आपल्या घरी करी, आणि राजा त्या घालून राज्य करी.

एवढं दगडी राज्य पायाखाली घेऊन सपाता किती टिकणार? संध्याकाळी शिपाई फाटकी जोडी आणून टाकी, सकाळी दुरुस्त जोडी घेऊन जाई. भोकाच्या कडेची लोकर उसवून मोकळी करायची, नव्या लोकरीचा एक थर उभा, एक आडवा ठेवायचा, पाणी शिंपडायचं आणि जुनीनवी एकजीव होईतो रगडायचं. रिठ्याच्या पाण्याने हौसाच्या बोटांची सालं गेली होती. पाठ ताठ होत नव्हती. भोक दरवेळी डाव्या टाचेलाच पडे. हौसा तिथे आणखी एक थर चढवी. का पडतं, हे विचारत बसायला तिला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर उत्साहही नव्हता.

एके दिवशी शिपायाबरोबर प्रधान आला.

"हौसाबाई, तुझे हात थकले," तो म्हणाला. "या पुनवेला तुझ्या मुलीला कामावर बसवू."

"सगुणाच्या पदरात तान्हं आहे, प्रधानजी."

"तान्ह्याची सोय करू."

"तिच्या झोपेचीही कराल?"

ते प्रधानाच्या अखत्यारीत नव्हतं. तो गेल्यावर हौसा पाटावर तशीच बसून राहिली. आपलं आयुष्य या टाचेखाली गेलं ते गेलं, पण लेकीचं जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र तिच्या मनाने घेतलं.

रांजणाशी एक टिटवी पाणी पीत होती. ती म्हणाली, "बाई, मांत्रिकाकडे जा. अजून जिवंत आहे तो."

"मला डोंगर चढवत नाही."

"मलाही आता उडवत नाही. अंडी घालायला मऊ माती शोधून शोधून पंख गळाले माझे. चल, दोघी चालत जाऊ."

दोघी निघाल्या. थोडं चालल्या, पुष्कळ बसल्या, अशा एकदाच्या वर पोहोचल्या. मांत्रिक घोंगडी पांघरून उन्हात बसला होता. त्याचे डोळे अधू झाले होते.

"शाप मागे घ्या," हौसा म्हणाली.

"घेता आला असता तर कधीच घेतला असता. या वयात शाप सांभाळत कोण बसतं? कणी आली की शाप सुटेल. कणी कुठे आहे ते मला दिसत नाही. दिसतं ते एवढंच. घरच्या माणसाला करतेस तशी एक जोडी त्याला कर."

घरच्या माणसाची सपात आधी चांगली मोठी करतात, मग ओलीच त्याच्या पायात घालतात. पाय मांडीवर घेऊन, कढत पाणी ओतत, त्या पायावरच ती आटवतात. लोकर आटत आटत पायाचा आकार घेते. राजाची जोडी मात्र राज्याभिषेकाच्या वेळी कोरलेल्या लाकडी पावलावर आटवली जाई. राजाच्या पायाला हात कोण लावणार? लावला तर हाताचा दगड होणार.

"लोकर पलीकडच्या मेंढ्याची घे," मांत्रिक म्हणाला, "रिठे त्याच्या पुढच्या झाडाचे, पाणी खालच्या कढत झऱ्याचं. ते पाणी कळशीतही निवत नाही. तिघं काही ना काही मागतील. ते दे."

मेंढा टेकडीएवढा होता. तो म्हणाला, "लोकर घे, तुझी झोप दे."

"झोप असती तर दिली असती रे बाबा," हौसा म्हणाली. मेंढ्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाठ पुढे केली.

रिठ्याचं झाड म्हणालं, "रिठे घे, तुझं हसू दे."

हौसाने आठवून पाहिलं. आपण शेवटचं कधी हसलो ते तिला आठवेना. झाडाने सुस्कारा टाकला, तसे रिठे आपोआप ओटीत पडले.

झरा म्हणाला, "पाणी घे, तुझी भीती दे."

ती मात्र हौसाजवळ भरपूर होती. तिने सगळी ओतून दिली. कळशी भरून ती उतरली तेव्हा ओझं वाढलं होतं, तरी उतरण सोपी वाटली.

घरी येऊन तिने लोकर पिंजली, थर रचले, भिजवले, लाटले, तुडवले. सपाता झाल्या त्या एखाद्या पोराला आत निजवावं इतक्या ऐसपैस. त्या ओल्याच घेऊन ती पुनवेच्या सकाळी राजवाड्यात गेली. प्रधान आडवा आला, त्याला बाजूला सारून थेट सिंहासनापाशी जाऊन बसली.

"महाराज, पाय द्या."

"हौसाबाई, तुझे हात जातील."

"हातांचं मी बघते. पाय द्या."

कोणी पाय मागावा, अशी वेळ राजावर आजवर आली नव्हती. त्याने जुन्या सपाता काढल्या आणि लाजत पाय पुढे केले. पाय म्हातारे होते, सुजलेले होते. लाकडी पावलाशी त्यांचा काही मेळ नव्हता. उजवी सपात नीट बसली. डाव्या पायात ओली सपात चढवून हौसाने तळवा हाताने पेलला, तसा टाचेशी न बसलेल्या सैल लोकरीतून शाप पार आला आणि तिचं एक बोट टोकाशी दगड झालं. हौसा उरलेल्या बोटांनी रगडत राहिली. पाणी ओती, रगडी. दुसरं बोट गेलं. लोकर आटू लागली. तेवढ्यात टाचेशी तिच्या अंगठ्याला एक टणक गाठ लागली. वर्षानुवर्षं जिथे ती थरावर थर चढवत आली होती, नेमकी तीच जागा.

"महाराज, इथे दुखतं?"

"पाऊल टाकलं की दुखतं."

"कधीपासून?"

"मांत्रिकाच्या गुहेतून धावत आलो तेव्हापासून. कुरूप झालं असेल असं वाटलं. राजाने टाच कोणाला दाखवायची?"

हौसाला रडू आलं. तिचा एकेक थर ती टाच आणखी दाबत होता. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि इकडे मुलुख दगड होत गेला. तिने उरलंसुरलं पाणी टाचेवर ओतलं आणि हाताचा जो भाग हाताचा राहिला होता त्याने जीव खाऊन रगडलं. लोकर चिवट, एकदा धरलं की सोडत नाही. हौसाने सपात खसकन ओढून काढली तेव्हा आतल्या लोकरीत गुरफटलेली माणकाची कणी चमकत होती.

मागोमाग चालत आलेल्या टिटवीने कणी चोचीत धरली आणि गळालेल्या पंखांत होता नव्हता तो जोर आणून ती उडाली. तिने डोंगर गाठला तसं हौसाच्या बोटांत रक्त वाहू लागलं. दगडी वाटांची माती झाली, राजाच्या पावलांना भिऊन लांब गेलेली शेतं पुन्हा वाटांजवळ सरकली. राजा अंगणात उतरला. पायाखाली गवत होतं ते गवतच राहिलं.

"हौसाबाई, माग काय हवं ते."

"सगुणाला बोलावू नका. आणि मला उठवू नका." एवढं बोलून ती सिंहासनाच्या पायरीवरच झोपली.

ती जागी झाली तेव्हा उन्हं अंगणभर पसरली होती. टिटवी गवतात अंड्यांवर बसली होती. राजा पायरीशी मांडी घालून बसला होता, शेजारी कढत पाण्याचं घंगाळ. हौसाच्या भेगाळलेल्या, जन्मभर अनवाणी राहिलेल्या पायांत त्याच सपाता होत्या, भिजवलेल्या. एक पाय राजाने मांडीवर घेतला होता आणि बोटांच्या टोकांनी तो लोकर हळूहळू चोळत होता.

"मापाने मोठ्या आहेत," राजा म्हणाला. "आटवतो आहे."

हौसाने थोडा वेळ पाहिलं.

"महाराज, रगडा. मांजर कुरवाळताय का?"

राजाने बाह्या सरसावून असा जोर लावला की घंगाळ कलंडलं आणि पाणी जवळ उभ्या असलेल्या प्रधानाच्या जोड्यांत शिरलं. हौसा हसली. इतकी हसली की तिकडे डोंगरावर रिठ्याच्या झाडाला ऐकू गेलं.