पलटणीची टोपी

सांगा बरं, पलटणीतलं पदक छातीच्या कोणत्या बाजूला लावायचं? डावीकडे, असंच म्हणाल ना? सभापती रंगरावही तेच म्हणाले आणि फसले.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडावंदन होतं. सीमेवर कामी आलेल्या नवऱ्याचं पदक पदरावर उजवीकडे लावून हौसाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वर्षातून याच दिवशी ते पेटीबाहेर निघे. रंगराव आले ते बाजारातून घेतलेली पलटणीची टोपी मिरवत.

"अहो मावशी," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पदक डावीकडे लावतात, एवढंही ठाऊक नाही? आणि दुसऱ्याचं पदक मिरवता कशाला? काढा ते, नाहीतर मागे जाऊन बसा."

हौसाबाईंनी पदक जरा सरळ केलं.

"दादा, ज्याने कमावलं तो डावीकडे लावतो. ज्याचं माणूस गेलं तो उजवीकडे. पलटणीतून निवृत्त झालेले आपले सुभेदारतात्या बसलेत ना, त्यांनीच शिकवलंय मला. आता तुमची ही टोपी तुम्ही कमावली, की घरातलं कुणी गेलं? तेवढं सांगा, म्हणजे सलाम ठोकायचा की दुखवट्याला यायचं, ते मला कळेल."

सगळं मैदान हसलं. रंगरावांनी टोपी हळूच खिशात घातली. म्हातारे सुभेदारतात्या काठी टेकत उठले आणि त्यांनी पदकाला सलाम केला.

हौसाबाईंनी हात जोडले. "तात्या, ह्यांचा मान कसा राखायचा, ते तुमच्यामुळे कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव बोडक्या डोक्याने हौसाबाईंच्या घरी आले आणि त्यांच्या नवऱ्याच्या फोटोला हार घालून गेले.