घोरणाऱ्या घुबडाचा निकाल

जनावरांना एकमेकांचा न्याय करायची हौस आली, त्या काळची ही गोष्ट. रताळी चोरल्याबद्दल साळिंदराला शिक्षा झाली, अंगावरचे सगळे काटे उपटायची. ते धावत अपिलासाठी म्हाताऱ्या कासवाकडे गेलं.

"आजोबा, खटला भर दुपारी चालला. न्यायाधीश घुबड चक्क घोरत होतं!"

"चूकच ती," कासव म्हणालं.

"साक्षीदार एकटं रानडुक्कर. साक्ष देताना त्याच्याच सुळ्याला रताळं अडकलेलं!"

"तीही चूक."

"आणि मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही!"

"अरेरे, ही तर घोडचूक!"

साळिंदराचा जीव भांड्यात पडला. कासवानं मान आत घेऊन विचार केला आणि बाहेर काढून निकाल दिला.

"चुका झाल्या, पण त्यांनी काही बिघडलं नाही. घुबड जागं असतं तरी तूच दोषी ठरला असतास."

"कशावरून?"

"झोपेतसुद्धा ठरलासच की! शिक्षा कायम. घुबडाला मात्र सक्त ताकीद, यापुढे घोरायचं नाही."

काटे उपटायला रानडुक्करच पुढं सरसावलं. पहिल्याच हिसड्याला काट्याऐवजी साळिंदराचा कान त्याच्या तोंडात आला.

"किरकोळ," कासव म्हणालं आणि त्यानं मान आत घेतली.