धाकट्या सागाची पानं

कुऱ्हाड झाडांची खुशाली विचारत हिंडायची, तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्यातल्या एका रानात दोन साग भावाभावांसारखे वाढले होते. खालचं अख्खं गाव त्या रानाच्या लाकडावर जगायचं, म्हणून किडकं झाड दिसलं की तोडून जाळायची रीत होती.

एकदा थोरल्याच्या खोडाला किड्यांनी भोकं पाडली. धाकट्याने झटकन आपली मोठाली पानं त्यांवर पसरली.

"दादा बरा आहे ना रे?" कुऱ्हाडीने विचारलं.

"ठणठणीत! तू हो पुढे, मावशी."

"खरं सांग तिला, वेड्या," थोरला कुजबुजला.

"गप रे दादा! तू गेलास तर मी भांडू कोणाशी?"

उन्हाळ्यात थोरला कोसळलाच. तोवर कीड रानभर पसरली होती. ओंडके चिरले की आतून पोकळ निघू लागले, व्यापारी फिरकेनात, आणि एकेक सुतार बिऱ्हाड उचलून गाव सोडून गेला.

मग धाकट्याच्या बुंध्यालाही भोकं पडली. शेजारच्या रोपट्याने लगेच आपलं इवलंसं पान त्यांवर धरलं.

धाकटा जिवाच्या आकांताने ओरडला, "मावशी, इकडे ये! हे पोरगं काहीही सांगेल, त्याचं ऐकू नकोस. अजून थोडं रान शिल्लक आहे!"