कोतवालाची नजर

विहिरींना अजून पायऱ्या होत्या तेव्हाची गोष्ट. अशाच एका विहिरीच्या काठावरच्या बाभळीत सुगरणींची वस्ती होती. सापाने गोदी सुगरणीची पिलं गिळली, तेव्हा घाबरून सगळ्यांनी कोतवाल पक्ष्याला पाळतीवर नेमलं.

"सापाला वाट तुमच्यातल्याच कुणीतरी दाखवली असणार," कोतवाल म्हणाला. "मी घराघरांत डोकावणार. संशय आला की चोचही मीच मारणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पिलं गमावलेली गोदीच मात्र अडून बसली. "नजर तुझी, चोच वस्तीच्या पंचांची. आणि घरात डोकावायचं तर आधी पंचांना कारण सांग."

कोतवाल फुगला, पण कबूल झाला. चार दिवसांत एकीने त्याला विहिरीच्या कपारीतली ताजी कात दाखवली, दुसरीने सळसळीची वेळ सांगितली. साप वर चढला तेव्हा शंभर चोचींनी त्याला पिटाळून लावलं.

"मी तर एकाही घरात डोकावलो नाही," कोतवाल नवलाने म्हणाला.

"म्हणून तर सगळ्या तुझ्याशी बोलल्या," गोदी म्हणाली.