हरळीला आलेलं स्थळ

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे आई सध्या मावशीकडे गेलीय, त्यामुळे शप्पथ अर्धीच धरा. शिवाय गोष्ट कळली ती कुसळांकडून. कुसळं खोटं बोलत नाहीत, पण टोचून बोलतात.

एका माळावर एक हरळी राहायची. हरळी म्हणजे तीच, जिला गणपतीत दूर्वा म्हणून मान मिळतो आणि उरलेलं वर्षभर खुरपं. मुळाशी तिनं बरंच अन्न साठवलं होतं. आता ते कशावर खर्च करायचं? तुरा काढून बी धरायचं, की जमिनीलगत फांद्या पसरायच्या?

शेजारच्या कुसळीनं विचारलं, "का गं, यंदा तरी तुरा काढणार का?"

"कशाला? बी वाऱ्यावर गेलं की गेलं. तुझ्या पोरांचं काय झालं सांग."

"धाकटं सरपंचांच्या पायमोज्यात बसून तालुक्याला गेलं. सुखरूप असेल."

"असेल! म्हणजे तुला ठाऊकसुद्धा नाही. माझं तसं नाही बाई. फांदी पुढं सरकवायची, पेराला मुळं फुटली की झालं नवं घर. नाळ तोडायचीच नाही. लेकरू डोळ्यासमोर."

"लेकरू कसलं? तूच की ती."

"मग तर आणखी बरं. माझ्याइतकं माझं कोण ऐकणार?"

हरळी पसरत गेली. प्रत्येक नव्या घराचं बारसं झालं आणि नाव दरवेळी हरळीच ठेवलं. एक हाक मारली की सगळा माळ 'ओ' द्यायचा.

माळाच्या टोकाला निळसर पेरांची दुसरी एक हरळी होती. कुठून तरी बी होऊन आलेली, एकटीच. ती म्हणाली, "ताई, जरा सरकता का? माझ्यापुरती जागा राहू द्या."

"इथं घरचीच माणसं राहतात," असं म्हणून हरळी चारी बाजूंनी तिच्यावर चढली. निळसर पेरं खाली कुजून गेली. कुसळीच्या वाट्याला दगडातली एक फट उरली.

पुढच्या वर्षी तांबेरा आला. पानांवर गंजासारखे ठिपके पाडणारा रोग. एका घरी त्याचं जमलं, मग दुसऱ्या घरी ओळख सांगावी लागलीच नाही. सगळीकडे तीच पानं, तीच चव.

हरळी घाबरली. आता बी करून माळाबाहेर पाठवलं, तरच वंश राहणार. तिनं होता नव्हता तो सगळा साठा काढला आणि तुऱ्यांवर उधळला. माळाचं लग्नघर झालं.

वारा त्या भागातला मध्यस्थ. इकडचा पराग तिकडं नेऊन लग्नं जुळवायचा. तो आला.

"बाई, स्थळ आणलंय."

"गाव कुठलं?"

"हाच माळ."

"गोत्र?"

वारा घुटमळला. "तुझंच."

"अरे, सगोत्र कसं चालेल? दुसरं आण."

वाऱ्यानं पश्चिमेकडून आणलं. "कोण आपण?" हरळीनं विचारलं. "मीच," पराग म्हणाला. उत्तरेकडून आणलं. "मीच." आणि स्वतःच्याच परागानं हरळीला बी धरत नाही.

हरळीनं माळाच्या टोकाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वाऱ्या, ती निळसर पेरांची एक होती ना रे?"

"होती. तुमचंच जुळवायचं माझ्या मनात होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायला आलो होतो. तू तिच्यावर बसली होतीस."

तुरे वाळले. एकातही दाणा नव्हता. साठा संपलेला, अंगभर तांबेरा. हरळीनं हाक मारली, "कुणी आहे का?"

"ओ," सगळा माळ म्हणाला.

तिनं पुन्हा हाक मारली. अर्धा माळ 'ओ' म्हणाला.

मग हाकही आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिथं कुसळं उगवली. त्यातलं एक म्हणे पायमोज्यातून परत आलेलं.

तात्पर्य: सगळीकडे आपणच हवे म्हणून परक्याला गाडलं, तर गरजेच्या वेळी 'ओ' द्यायला फक्त आपणच उरतो, आणि तेव्हा आपला काही उपयोग नसतो.

गोष्ट फुकट नाही. ऐकता ऐकता बसल्या जागचं गवत उपटत होतात, ते दिसलंय. उठा, तांब्याभर पाणी आणून तिथं ओता. दोन तांबे. मुठीत अजून आहे तुमच्या.