चुनेवाल्याची ठिपकी

फार पूर्वी, भिंतींना चुन्याशिवाय दुसरं काही लागत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात एक चुनेवाला आणि त्याची बायको राहायचे. खाडीतल्या शिंपल्या आणायच्या, भट्टीत भाजायच्या आणि त्यांचा चुना करून गावोगाव पोचवायचा, हा त्याचा धंदा. त्याच्या दाराशी शिंपल्यांचा ढीग कायम असायचा, चांगला पुरुषभर उंच.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. चुन्याने त्याच्या हातांची सालं निघालेली, बोटं पांढरी आणि खरखरीत झालेली. शेजारची पोरं त्या हातांना बिचकायची, जवळ यायचीच नाहीत. त्याला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

घरी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. बायको त्यांना रोज सकाळी नाचणीची भरड, कोंडा आणि शेवग्याचा चिरलेला पाला कालवून घालायची. ढिगातल्या कच्च्या शिंपल्या बारीक कुटून त्याही मूठभर टाकायची. तिची आई असंच करायची, म्हणून तीही करायची. कोंबड्या निमूट खायच्या आणि टणक अंडी घालायच्या.

एकदा चुनेवाला लग्नघरी चुना पोचवून परत आला. तिथे मिळालेली बुंदीची पुडी त्याने अंगणात सोडली, तर चार दाणे खाली सांडले. ठिपकी नावाची कोंबडी धावत आली, दाणे टिपले आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हात स्वच्छ धुतले, तळहातावर बुंदी घेतली आणि पुढे केली. ठिपकी त्या हातातून खाऊ लागली. अहो, त्या हाताला कुणीतरी बिचकलं नाही! चुनेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काय विचारता! रोज बुंदी, नाहीतर शेव, नाहीतर गूळ-पोहे. तो दिसला की कोंबड्या असेल ते टाकून पळत सुटायच्या. बायकोने घातलेली भरड पायांनी उधळून द्यायच्या आणि फाटकाकडे डोळे लावून बसायच्या.

"अहो, हे थांबवा आता," बायको म्हणाली. "भरडीला तोंड लावत नाहीत त्या."

"खाऊ दे की गं. बिचाऱ्या दुसरं काय मागतात?"

"मागतील ते सगळं द्यायचं असतं का?"

"त्या माझ्यामागे येतात, तुझ्यामागे येत नाहीत, म्हणून तुला राग!"

हे बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. ती गप्प बसली. गप्प बसायला नको होतं तिने, पण बसली खरी.

दोनेक महिन्यांत अंड्यांची कवचं पातळ झाली. बायकोने एक अंडं त्याच्या हातावर ठेवलं. अंगठा टेकताच ते चेपलं. "उन्हाळा आहे, होतं असं," तो म्हणाला आणि फाटकाबाहेर निघून गेला.

तेवढ्यात ठिपकी खुडूक झाली, अंडी उबवायला बसली. चुनेवाल्याला कोण आनंद! त्यातल्या त्यात बरी अशी नऊ अंडी निवडून त्याने पाटीत पेंढ्यावर ठेवली आणि ठिपकीला त्यांच्यावर बसवलं. एकवीस दिवसांनी पिल्लं येणार, आपल्या हातातून खाणार, हे तो येईल-जाईल त्याला सांगत सुटला.

चौथ्या दिवशी एक अंडं फुटलं. सहाव्या दिवशी दोन. ठिपकी जरा कूस बदलायची आणि तिच्याच वजनाने खाली कवच मोडायचं. बाराव्या दिवशी पाटीत एकही अंडं उरलं नाही. तरी ठिपकी उठली नाही. पंख पसरून ती रिकाम्या पेंढ्यावर ऊब देत बसून राहिली.

चुनेवाला पाटीपाशी मटकन खाली बसला. समोर शिंपल्यांचा ढीग होता. "पंचक्रोशीतल्या भिंती माझ्या चुन्याने उभ्या राहिल्या," तो रडत म्हणाला, "आणि माझ्याच दारातल्या अंड्याला कवच नाही. माझ्या बुंदीपायी कुटलेल्या शिंपल्या त्यांच्या पोटातच गेल्या नाहीत. मी मारली गं तिची पिल्लं!" थोड्या वेळाने म्हणाला, "उद्यापासून तूच कोंबड्यांना खायला घाल. मला बघवणार नाही."

"नाही," बायको म्हणाली. "सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच सोडवा. तुमची पुडी जवळपास आहे असं वाटलं, तर माझी भरड त्या खायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भरड कालवली, शिंपल्या कुटून टाकल्या, शेजारी ताजं पाणी ठेवलं आणि तिथेच बसला. कोंबड्यांनी भरड उधळली. ठिपकी पाटीतून उठून आली. तिने त्याचा तळहात तपासला. तिथे काही नव्हतं. ती पुन्हा पुन्हा चोच मारत राहिली, रक्त आलं, तरी त्याने हात मागे घेतला नाही.

तिसऱ्या दिवशीही त्या नुसता कालवा करत अंगणभर फिरत होत्या. त्याला राहवेना. कोनाड्यात बुंदीची शेवटची पुडी होती. त्याने ती उचलली. अंगणात पाचही कोंबड्यांच्या माना एकदम वर झाल्या. तीन दिवसांनी त्याच्याकडे कुणी असं पाहिलं होतं! तो क्षणभर थांबला, मग सरळ भट्टीपाशी गेला आणि पुडी आगीत टाकून आला.

त्या दिवशी दुपारी एका कोंबडीने भरडीत चोच घातली. मग दुसरीने. सगळ्यांच्या शेवटी ठिपकीने.

काही महिन्यांनी ठिपकी पुन्हा अंड्यांवर बसली. या वेळी एकही फुटलं नाही. एकविसाव्या दिवशी एका अंड्यातून टकटक ऐकू आली. कवच इतकं टणक, की पिल्लाचा जीव मेटाकुटीला आला. चुनेवाल्याने मदतीला बोट पुढे केलं आणि स्वतःच मागे घेतलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळाने कवच तडकलं आणि ओलं पिल्लू बाहेर आलं.

आता तो फाटकातून आला तरी कोंबड्या धावत येत नाहीत. एकदा मान वर करून बघतात आणि पुन्हा भरड टिपू लागतात. तो तिथेच उभा राहून बघतो आणि मग हात धुवायला जातो.

तात्पर्य: आपण कुणाला तरी हवेसे वाटावं म्हणून दिलेला घास आपलं मन भरतो, त्याचं पोट नाही. ज्याच्यावर खरी माया आहे, त्याची नाराजी सोसायची तयारी ठेवावी.